शब्द विचारू नका, काम विचारा

जुने शब्द गोळा करायला निघालेली माणसं बहुतेक एकाच ठिकाणी अडतात. वही उघडतात, आजीसमोर बसतात आणि म्हणतात, "आजी, जुने शब्द सांगा ना." आजी दोन-चार शब्द सांगते, मग गप्प होते. "आता कुठलं आठवतंय बाबा," म्हणत उठून जाते. पाहुण्याला वाटतं, म्हातारी विसरली. ती विसरलेली नसते. शब्दांची यादी तिच्या डोक्यात कधी नव्हतीच. शब्द कामाच्या आत होते. दळताना, मोट हाकताना, रास मोजताना ते तोंडी यायचे. म्हणून मी एकच गोष्ट धरून चालतो: शब्द विचारू नका, काम विचारा. ते कोणाला विचारायचं, कसं विचारायचं आणि ऐकलेलं कसं उतरवून ठेवायचं, ते इथे सांगतो.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. आटपाडी, म्हसवड, दहिवडी या माणदेशी पट्ट्यात लाळ-खुरकताच्या लसी टोचत आणि गाभण गाई तपासत नोकरीची बहुतेक वर्षं गेली. गावात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात. त्यामुळे गोठ्यापर्यंत सहज जाता येतं, आणि गोठा ही जुन्या वस्तूंची शेवटची जागा आहे. घरातून निघालेली वस्तू आधी माळ्यावर जाते, माळ्यावरून गोठ्यात येते आणि गोठ्यातून भंगारवाल्याच्या गाडीवर. मला ती मधल्या मुक्कामी भेटते. जू, पाभरीचं चाडं, पितळी शेंब्या, फुटका रांजण, तळाचा लाकडी पाट गेलेली पायली. मालकाला विचारलं तर म्हणतो, "जुनं सामान आहे." त्याचे वडील मात्र खाटेवरून उठून येतात आणि प्रत्येक वस्तूला नावाने हाक मारतात. ही खाटेवरची माणसं आहेत तोवर हे काम करून घ्यायला हवं.

आधी वयाचा हिशेब करा

कोणाला काय विचारायचं हे वयावरून ठरवा. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ पासून. किलो-ग्रॅमचा कायदा १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून जुन्या मापांवर बंदी आली. म्हणजे आण्याचा गूळ आणि पावशेर तेल स्वतः दुकानातून आणलेलं माणूस १९४५ च्या आसपास किंवा त्याआधी जन्मलेलं असणार. अशा माणसांकडे सगळ्यात आधी जा आणि पैसे व वजनमापं विचारा. हा विषय सगळ्यात लवकर हातातून जाणार आहे.

मोट, खळं, बैलाची मळणी यांना थोडा जास्त वेळ आहे, कारण ही कामं पुढेही चालली. विहिरीवर ऑईल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, तसतशी मोट उतरत गेली. पण कोरडवाहू वाड्यांवर वीज उशिरा पोचली, तिथे साठीतल्या माणसानेही पोरवयात मोट हाकलेली असते. जातं आणि उखळ यांच्याबद्दल तर साठीच्या आतल्या बायकाही सांगू शकतात.

गावात "त्यांना सगळं माहीत आहे" म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, ते बहुधा गावचे बोलके गृहस्थ असतात. त्यांना जरूर भेटा, मानाने भेटा, पण ज्याने ते काम हाताने केलं त्याला शोधा. मोटेबद्दल मळ्याच्या मालकापेक्षा त्याच्या मोटकऱ्याला दुप्पट शब्द येतात. मालकाला विहीर माहीत असते. नाडा कुठे घासून तुटतो, हे मोटकऱ्याला माहीत असतं.

बायकांशी बोलताना एक प्रश्न प्रत्येक शब्दाला जोडा: "हे माहेरचं की सासरचं?" बाईचं बोलणं दोन गावांचं असतं. सांगोल्याकडून खटावात नांदायला आलेल्या आजीच्या तोंडी एकाच भांड्याची दोन नावं असतात. सासूने चिडवून, दटावून बदलायला लावलेली नावं तर ती कधीच विसरत नाही. हा प्रश्न विचारला नाही तर तुमच्या वहीत दोन तालुक्यांची भेसळ होते आणि नंतर ती निवडता येत नाही.

वस्तू हातात द्या

बोलणं सुरू करायचं ते वस्तूवरून. जायच्या आधी घरातल्या पोराला माळ्यावर चढवा, फडताळाचा खालचा कप्पा उघडायला सांगा. अडकित्ता, फुंकणी, रोवळी, काटवट, शिंकं, चरवी, कासंडी, विळी, काहीतरी निघतंच. ती वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि थोडं थांबा. हात आपोआप वस्तूची योग्य बाजू धरतो, आणि तोंड त्याच्या मागून चालू होतं.

मग प्रश्न भागांचे. वरून खाली किंवा पुढून मागे, एकेक भागावर बोट ठेवून "हे काय?" असं विचारायचं. भाग संपले की क्रिया विचारा: हे धरायचं कसं, आत काय घालायचं, कोण कुठे बसायचं. त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: हे बिघडायचं कसं, आणि मग दुरुस्त कोण करायचं? चांगल्या चाललेल्या वस्तूबद्दल माणूस फारसं बोलत नाही. बिघाडाला मात्र नाव असतं, कारागीर असतो, मजुरी असते, भांडण असतं. जात्याचं उदाहरण घ्या. "जात्याचे भाग सांगा" म्हटलं तर वरची तळी, खालची तळी आणि खुंटा यांवर भागतं. "जातं नीट दळेनासं झालं की?" असं विचारा. मग दगड गुळगुळीत होतो हे कळतं. पीठ बारीक न पडता भरड पडतं, दगडाला टाकी लावावी लागते, म्हणजे तो टोचून पुन्हा खरखरीत करावा लागतो, टाकी लावणारे गल्लीतून ओरडत यायचे, आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण खाण्याजोगं नसायचं कारण त्यात कच यायची, हेही कळतं. एका प्रश्नातून अख्खा धंदा बाहेर येतो.

मोटेवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो, कारण तिचे शब्द फार नेमके आहेत आणि वस्तू जवळपास संपलेली आहे. मोट असायची कातड्याची, आणि कातडं टिकत नाही. कुठे पत्र्याची मोट गंजून पडलेली सापडली तर नशीब. म्हणून थेट विहिरीवर जा. विहीर असते, बैल मागेपुढे करायचे तो उतार म्हणजे धाव, तिची खूण जमिनीत उरलेली असते, मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळंही बऱ्याच ठिकाणी शाबूत असतं. तिथे उभं राहून म्हणा, "आबा, आता बैल जुंपलेत. पुढे?" आबा हात वर-खाली करत सांगायला लागतात. मोटेला खालच्या बाजूला सोंड असते. वरचा जाड दोर म्हणजे नाडा, तो मोठ्या चाकावरून जातो आणि मोटेचं तोंड धरतो. खालचा बारीक दोर म्हणजे सोंदूर, तो तळाच्या लाकडी रुळावरून जातो आणि सोंडेचं टोक धरतो. बैल धावेवरून उताराने खाली गेले की मोट भरून वर येते. वर येताना सोंड दुमडलेली, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढतो आणि पाणी सुटतं. मोट आपोआप रिकामी होते, माणसाने हात लावायचा नाही. मग बैल मागे सरकतात. थारोळ्यातून पाटात, पाटातून सऱ्यांत. हे सगळं तुम्हाला समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्याला यंत्र समजलं त्याचाच पुढचा प्रश्न नेमका येतो. सोंदूर आखूड बांधला तर काय व्हायचं, हे विचारल्याबरोबर आबांचे डोळे चमकतात, कारण हा पोरगा ऐकतोय हे त्यांना कळतं.

वस्तू नसेलच तर मातीत काठीने चित्र काढायला सांगा. म्हातारी माणसं कागदावर काढायला बुजतात, अंगणात बुजत नाहीत. काढलेलं पुसायच्या आत फोटो घ्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, अडकित्ते, दिवे, भांडी. शक्य असेल तर आजी-आजोबांनाच तिथे घेऊन जा आणि काचेसमोर त्यांना बोलू द्या. पाटी त्यांनी वाचायच्या आधी, वस्तूचं त्यांनी सांगितलेलं नाव टिपून घ्या.

ओव्या मात्र बसून सांगता येत नाहीत. सांगितल्या तरी अर्ध्यावर तुटतात. जातं मांडा, मूठभर ज्वारी द्या, शेजारची एखादी मावशी समोर बसवा आणि दोघींना खुंटा धरू द्या. घास घातला, तळी फिरली की ओवी येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. तुम्हाला पाच मिळाल्या तरी लिहा. तुमच्या गावच्या ओवीत तुमच्या गावच्या ओढ्याचं नाव असेल, ते दुसरीकडे सापडणार नाही.

मापं: मोजून घ्या, नुसती लिहून घेऊ नका

धान्याच्या मापांची साखळी पुणे-सातारा भागात अशी सांगतात: २ निळवी म्हणजे कोळवं, २ कोळवी म्हणजे चिपटं, २ चिपटी म्हणजे मापटं, २ मापटी म्हणजे शेर, ४ शेर म्हणजे पायली, १२ पायल्या म्हणजे मण आणि २० मण म्हणजे खंडी. ती वहीत लिहिली म्हणजे काम झालं असं समजू नका. ही भरायची मापं आहेत, वजनाची नव्हेत, आणि गावागणिक त्यांत फरक पडतो. वजनाचा सरकारी शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अशा ४० शेरांचा मण साधारण ३७ किलो ३०० ग्रॅम भरतो. भरायचा शेर आणि तोलायचा शेर यांची गल्लत छापील लेखांतही दिसते.

म्हणून घरात खरी पायली किंवा चिपटं असेल तर ते भरा आणि आजच्या काट्यावर तोला. कोणतं धान्य भरलं ते लिहा. बाजरीची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली सारखी भरत नाही. आणि विचारा: माप शीग लावून द्यायचे की सपाट? शीग म्हणजे मापाच्या वर चढणारा ढीग. मजुरी देताना सपाट आणि खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घेताना शिगोशीग, असं कुणी सांगितलं तर ते शब्दश: लिहा. गावातले व्यवहार कोणाच्या बाजूने झुकलेले होते, ते त्या एका वाक्यात येतं.

रास मोजायची रीतही इथेच विचारा. पहिली पायली टाकताना "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढे. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, हाही नियम असायचा. खळ्याच्या मधोमध रोवलेला तिवडा, त्याच्याभोवती फिरणारी बैलांची पात, उफणताना उभं राहायची तिपायी वावडी, कडब्याची सुडी, हे सगळं एका बैठकीत विचारता येतं, पण ती बैठक सुगीच्या दिवसांत ठेवा. मळणी यंत्राचा आवाज ऐकू येत असला की जुन्या खळ्याची आठवण लवकर येते.

पैशांसाठी एखादं जुनं नाणं जवळ ठेवा. १९४३ ते १९४७ दरम्यान पाडलेला भोकाचा पैसा बऱ्याच घरांत डब्यात पडलेला असतो. तो हातात दिला की पै, पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली अशी रांग लागते. ३ पैंचा पैसा, ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयाला ६४ पैसे, १९२ पै. चवली २ आण्यांची, पावली ४ आण्यांची, अधेली ८ आण्यांची. पण किंमत विचारण्यापेक्षा "चवलीत काय यायचं?" हे विचारा.

याच हिशेबामुळे शाळेत अपूर्णांकांचे पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. ज्यांना येतात त्यांना मध्येच थांबवू नका. हे पाढे सुरात पाठ केलेले असतात, सूर तुटला की पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पूर्ण ध्वनिमुद्रण करा, चाल लिहिता येत नाही.

गोठा

हा माझा रोजचा प्रांत, म्हणून इथे थोडं जास्त बोलतो. गोठ्यातले सगळे शब्द गेलेले नाहीत, आणि ते वेगळे काढणं हे नोंद करणाऱ्याचं काम आहे. दावं, वेसण, कासरा, गव्हाण आजही रोज वापरात आहेत. मुसकी फार कमी दिसते, कारण मळणीला बैल नाही तर तोंड बांधायचं कशाला? नाडा-सोंदूर पूर्ण गेले. तुमच्या नोंदीत प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण हवी: चालू आहे, फक्त म्हाताऱ्यांना कळतो, किंवा एकालाच आठवला.

गेलेला शब्द कधी कधी परतही येतो. बैलाचं वय दातांवरून सांगतात. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात, आठ. दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन कायमचे आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. ट्रॅक्टर आल्यावर हे शब्द बाजारातल्या दलालांपुरते उरले होते. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा तेही आटत चालले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, आणि आता विशीतली पोरं आदत-दुसा गटांची नावं बिनचूक घेतात. कोसा खिलार आणि काजळी खिलार यांतला फरक मला समजावून सांगतात. काम परत आलं, शब्द मागोमाग आले.

खरसुंडीसारख्या जत्रेच्या बाजारात गेलात तर रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी चाललेला भाव बघा. बोटांच्या खुणा मात्र भर बाजारात विचारू नका, तो त्यांचा धंद्याचा वेळ असतो. संध्याकाळी निवांत झालेल्या जुन्या दलालाशेजारी बसा. बैलाला हाकायचे, वळवायचे, थांबवायचे आवाजही टिपा. ते अक्षरांत पकडता येत नाहीत. पत्री, म्हणजे बैलाच्या खुराची नाल, मारताना बैल कसा पाडायचा, दोर कुठे टाकायचा, हे शक्य तिथे चित्रफितीत घ्या, कारण मी स्वतः बघितलेल्या सर्वांत उत्तम हातांपैकी बरेच आता थरथरतात.

रीती विचारताना

रीतीबद्दल "पूर्वी कसं करायचे?" असं विचारलं की उत्तर आदर्श येतं. सगळे एकोप्याने राहायचे, कुणी कुणाला उणं पडू द्यायचं नाही. त्याऐवजी विचारा, "शेवटची इर्जिक तुमच्या रानात कधी झाली? कोण कोण आलं होतं? जेवायला काय केलं होतं?" मग खरी माणसं येतात, खरे बैल येतात. कुणाला बोलावलं नाही हेही येतं. इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी नांगर घेऊन जायचं आणि त्याने जेवण घालायचं. सावड म्हणजे आज तुझं, उद्या माझं. वारंगुळा म्हणजे पाळी लावून करायचं काम. तिन्ही वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

बलुत्याबद्दल, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याबद्दल, मला कळकळीने सांगायचं आहे. बलुतं देणाऱ्या घरात ती गोड आठवण असते आणि घेणाऱ्या घरात तशी असेलच असं नाही. दोन्हीकडे गेल्याशिवाय बलुत्यावर एक ओळही लिहू नका. आणि घेणाऱ्या घरात जाताना आधी विचारा, यावर बोलायचं आहे का? "नाही" म्हटलं तर चहा घेऊन या. या रीती विस्मरणात गेल्या असं सरसकट लिहिणं खोटं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध, म्हणजे पिढीजात गावकामाच्या सक्तीविरुद्ध, विधेयक मांडलं. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव लोकांनी मेलेली गुरं ओढणं आणि दारोदार भाकरी मागणं ठरवून बंद केलं. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनं बरखास्त झाली. गुरांचा दवाखाना चालवणारा माणूस म्हणून मला हे फार जवळून दिसतं: मेलेलं जनावर कोणी ओढायचं, हा प्रश्न त्या वेळी किती घरांत पेटला होता, हे आजही दोन्ही बाजूंचे म्हातारे सांगतात. म्हणून वहीत एक रकाना ठेवा: रीत गेली, की सोडली? सोडली असेल तर कोणी, आणि त्याची किंमत काय मोजली?

विधवांच्या रीती, आलवण (विधवेचं लाल लुगडं), केशवपन, यांबद्दल कुणी बोलायला लागलं तर ध्वनिमुद्रण थांबवू का असं विचारा. बहुतेक वेळा आजी म्हणते, राहू दे चालू. पण विचारलं पाहिजे.

उतरवून ठेवणं

एका शब्दाला एक पान. वर शब्द, जसा ऐकला तसा. थारुळं ऐकलं तर थारुळं लिहा, थारोळे करू नका. खाली ज्या वाक्यात तो आला ते पूर्ण वाक्य. मग सांगणाऱ्याचं अंदाजे वय, गाव, तालुका, आयुष्यभर केलेलं काम. नाव घालायचं असेल तर परवानगी घेऊनच. वस्तूचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी घंगाळ आणि वाटी यांचा आकार फोटोवरून कळणार नाही. दोन फोटो: एक वस्तूचा, एक ती हातात कशी धरायची त्याचा.

मोबाईल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला तारीख आणि गाव बोलून घ्या. त्याच रात्री ऐका आणि न कळलेले शब्द दुसऱ्या दिवशी विचारा. महिन्याने विचारायला गेलात तर ते माणूस तोच धागा पकडू शकणार नाही. फाइल दोन ठिकाणी ठेवा.

कोश उघडायचा तो यानंतर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये निघाला. दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. आधी कोश वाचून गेलात तर तुम्ही कोशातला शब्द आजीच्या तोंडी घालता. कोशातला अर्थ वेगळा निघाला तर दोन्ही लिहा आणि आजीला "चूक" म्हणू नका. कोश करणाऱ्यांनीही कुणाच्या तरी आजीलाच विचारलं होतं. कोशात शब्दच नसेल तर ती तुमच्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद, तिला दुसरा साक्षीदार शोधा.

घरात मोडी लिपीतले कागद सापडले तर प्लास्टिकमध्ये बंद करू नका, चिकटपट्टी लावू नका. खिडकीच्या उजेडात फोटो काढा. मोडीत आधी पानभर ओळ आखून तिच्याखाली सलग अक्षरं लिहिलेली असतात, शब्दांत अंतर नसतं, त्यामुळे सुरुवात कुठे हेही नवख्याला कळत नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांचं काम करतं. तिथून वाचणाऱ्याचा माग लागतो.

वस्तूंना ऑईलपेंट फासू नका. पितळ घासून चकचकीत केलं की त्यावरचं जुनं कोरलेलं नाव झिजतं, आणि भांड्यावरचं नाव म्हणजे कोणाच्या लग्नात कोणी दिलं याचा एकमेव पुरावा असतो. जात्याची तळी बागेत पायवाटेला पुरलेली मला बघवत नाही. ठेवायला जागा नसेल तर गावच्या शाळेला द्या, सोबत लिहिलेलं पान द्या. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर आणि शब्द मराठी विक्शनरीवर घालता येतात, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातला कुणी "आमच्याकडे याला असं म्हणतात" म्हणून भर घालू शकतो.

तुमच्या हाती एकच दुपार असेल तर एकच काम निवडा. मोट किंवा दळण किंवा मळणी. तासाभराने थांबा, म्हातारं माणूस दमलं तरी सांगत नाही. नंतर सगळं स्वच्छ लिहून, मोठ्या अक्षरात छापून, त्यांच्याकडे परत जा आणि वाचून दाखवा. दोन-तीन ठिकाणी ते अडवतील आणि दुरुस्ती सांगतील. ती दुरुस्ती वेगळ्या शाईने, तारखेसह शेजारी लिहा. मूळ ओळ खोडू नका.